रिकाम्या जागी शून्य

आमची वाडी घाटघरच्या अलीकडे, डोंगराच्या पोटाला चिकटून आहे. पंधरा-सोळा घरं, खाली भाताची खाचरं, मध्ये ओढा, आणि घरांच्या पाठीशी सरळ वर चढलेला डोंगर. लहानपणी पावसाळ्यात आई आम्हाला मागच्या भिंतीकडे डोकं करून झोपू द्यायची नाही. पाय भिंतीकडे, डोकं दाराकडे. का, असं विचारलं तर म्हणायची, "डोकं आधी भायेर निघालं पायजे." मला तेव्हा हसू यायचं. डोंगर काय, रोज दिसतो, तो कशाला घरात येतोय, असं वाटायचं.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल कुठं चरायला गेली होती, हे कळायला ही वाडी डोळ्यांपुढं असलेली बरी.

मी डेटा सायंटिस्ट आहे. पुण्यात एका कंपनीत नोकरी करतो. म्हणजे काय करतो, हे घरच्यांना समजावण्यात माझी निम्मी उमर गेली. चुलते म्हणाले, "म्हंजे कंप्युटरचंच ना? मग आमच्या सोसायटीचा प्रिंटर अडकलाय, तेवढा बघ." मामांचा समज असा की मी लोकांचे मोबाईल चोरून बघतो. त्यामुळे ते माझ्यासमोर फोन पालथा ठेवायचे. आबा, म्हणजे माझे वडील, तेवढे कधी काही विचारायचे नाहीत. कुणी विचारलं की सांगायचे, "आकड्यांचं काम करतोय पोरगं. लई बारीक काम हाय."

गेल्या काही वर्षांत मात्र चित्र पालटलं. आता जुन्नर-आंबेगावात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. आधी डीएड होतं, मग इंजिनीअरिंग झालं, आता डेटा सायन्स. आळेफाट्याला टायरच्या दुकानावर एक हॉल आहे, तिथं मी रविवारी शिकवायला जायला लागलो. खाली ट्रकची चाकं ठोकण्याचा आवाज, बाजूला मिसळीचा वास, आणि वर माझं प्रवचन. बीएस्सी झालेल्या मुली, टोमॅटोला कंटाळलेले बाप्ये, पेट्रोलपंपावरचा मॅनेजर, सगळे वह्या घेऊन बसायचे. मला "सर" म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते भारी आवडायचं.

आणि मग आमच्या कंपनीकडे ते काम आलं. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांना दरडीची सूचना आधी द्यायची. पाऊस किती पडला, तीन दिवसांची बेरीज किती, उतार केवढा, माती कसली, हे सगळं घालून मशीन प्रत्येक वाडीला रोज एक रंग देणार. हिरवा म्हणजे निवांत बसा. पिवळा म्हणजे जागे राहा. लाल म्हणजे गाडी येईल, खालच्या गावातल्या शाळेत चला. मी वाद घालून, जवळजवळ भांडून, आमची वाडी त्या यादीत घातली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, की मी आईला फोन करून सांगितलं, आता तू कुठंही डोकं करून झोप.

पाऊस मोजायचा कुणी, हा प्रश्न होता. उपग्रहाच्या चित्रात आमचं सगळं खोरं एका ठिपक्यात मावतं, आणि आपोआप चालणारं यंत्र आमच्याकडच्या धुक्यात आठवडाभरही टिकलं नाही. हातानं मोजायचं जुनं पर्जन्यमापक मात्र वाडीत तीन वर्षांपासून होतं, ओढ्यापलीकडच्या सपाटीवर. वाडीत त्याला नळकांडं म्हणतात. ते बघायचे आमचे आबाच. रोज सकाळी साडेआठला, छत्री नाही तर इरलं घेऊन, आतली बाटली काढायची, मापाच्या ग्लासात ओतायची, वहीत आकडा लिहायचा. माणूस इतका वक्तशीर, की शेजारीण त्यांना बघून चुलीवरचं दूध उतरवायची. आता त्यांनी तोच आकडा फोनवरून पाठवायचा, एवढंच वाढलं. वाडीत रेंज नसते, पण नळकांड्याजवळच्या खडकावर उभं राहिलं की येते.

आबांच्या तीन वर्षांच्या वह्या मी स्वतः घरी आणून टाईप केल्या. त्या आकड्यांवरच मशीन शिकणार होतं. कोरड्या दिवशी आबांनी व्यवस्थित गोल शून्य काढलेलं होतं. ओल्या दिवशी आकडा. आणि मधूनच, महिन्याकाठी एखादी ओळ नुसती मोकळी. तारीख आहे, पुढं काही नाही. मी काय केलं? जे आम्ही सगळे करतो तेच. कोडमध्ये एक ओळ लिहिली, रिकाम्या जागी शून्य भरा. लिहायला पाच सेकंदही लागले नसतील. पुढं रोजचे आकडे येऊ लागले तेव्हाही तीच ओळ कामाला होती. आकडा आला नाही तर शून्य.

त्या शून्यांमुळं एक गंमत दिसायला लागली. महिन्यातून एकदा पाऊस एकदम थांबतो आणि दुसऱ्या दिवशी दुपटीनं कोसळतो. आमच्या साहेबांना ते इतकं आवडलं, की त्यांनी अहवालात खास परिच्छेद घातला, डोंगरी भागातला पाऊस असा अचानक फुटतो म्हणून. बैठकीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आज आठवलं की कानशिलं तापतात.

वर्गात हाच धडा मी फुशारकीनं शिकवला. फळ्यावर रकाना काढला आणि म्हणालो, "रिकामी जागा दिसली की घाबरायचं नाही. भरून टाकायची आणि पुढं जायचं."

मागच्या बाकावरून एक ताई उठल्या. आणे पठारावरच्या, चाळिशीच्या, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणाऱ्या. त्या म्हणाल्या, "सर, एक विचारू का? आमच्याकडं आण्याला पाऊस कसला, नावाला. तरी बी आमचा माणूस रोज शून्य लिवतो. मोकळं न्हाई ठेवत. मग ज्यानं मोकळं ठेवलं, त्याला का ठेवलं म्हणून विचारायचं न्हाई का?"

वर्ग माझ्याकडं बघायला लागला. मी हसून म्हणालो, "ताई, एकेकाला विचारत बसलो तर डेटा सायन्स कधी करायचं?" सगळे हसले. त्याही हसल्या आणि खाली बसल्या.

यंदाच्या आषाढात चार दिवस पाऊस हटेना. आबांचे आकडे रोज येत होते, मोठे मोठे. वाडी पिवळी झाली. शनिवारी रात्री मी आईला फोन लावला, लागला नाही, पण ते नेहमीचंच. रविवारी सकाळी गाडी घेऊन आळेफाट्याला पोचलो तर इथंही पहाटेपासून धो धो. एरवी आळेफाट्याचा पाऊस म्हणजे दोन सरी आणि ऊन. मटणाच्या हॉटेलांपुढं सकाळीच गाड्यांची रांग. माझ्या मनात आलंसुद्धा, आज कसली एवढी गर्दी? आणि तो विचार तिथंच सोडून मी जिना चढलो.

वर्गात निम्मी माणसंही नव्हती. मी प्रोजेक्टर लावला. म्हटलं, आज यांना पुस्तकातलं नको, जिवंत काम दाखवू. पडद्यावर नकाशा आला, त्यावर डोंगरातल्या वाड्यांचे ठिपके. मी आमच्या वाडीवर बोट ठेवलं. "ही माझी वाडी. काल पिवळी होती. आज बघा, हिरवी. म्हणजे तीन दिवसांची बेरीज उतरली. मशीननं माझ्या घरच्यांना सांगितलं, निवांत बसा."

ताई खिडकीबाहेर बघत होत्या. मग पडद्याकडं बघितलं. "सर, आजचा पाऊस किती दाखवतंय तुमच्या गावाला?"

मी ठिपक्यावर टिचकी मारली. शून्य.

"आळेफाट्याला रस्त्यावरनं पाणी वाहतंय," त्या सावकाश म्हणाल्या, "आन घाटघरला शून्य?"

कुणी हसलं नाही. मी म्हणालो, "वडलांचा आकडा आलेला दिसत नाही. उशीर झाला असेल." पण आबांना उशीर होत नाही. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"न्हाई पाठवला असंल," ताई म्हणाल्या. "आज दिव्याची अवस न्हाई का? म्हणून तर बाया आल्या न्हाईत वर्गाला. दिवे घासत बसल्यात. आन बाप्ये हॉटेलात."

अवस.

म्हणजे अमावास्या. आमच्याकडं अवसेला वावरातल्या कामाला हात लावत नाहीत. औत नाही, खुरपं नाही, विळा नाही. बैलाला जू नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, मी त्यातच वाढलोय. अवसेला खेळता खेळता बांधावर कुदळ मारली म्हणून आबांची पाठीत बसलेली चापट मला अजून आठवते. आणि त्या माणसाला पाऊस मोजणं हे ऑफिसचं काम कसं वाटेल? पाऊस, वावर, नळकांडं, सगळं एकच. ते अवसेला हात लावणारच नाहीत!

भिंतीवर तिथींचं कॅलेंडर लटकत होतं. ताईंनीच ते खिळ्यावरून काढलं. मी वह्यांचा डेटा उघडला. मी रिकाम्या तारखा वाचायच्या आणि त्यांनी पानं उलटायची. पहिली तारीख. "अवस." दुसरी. "अवस." तिसरीला त्यांनी मान नुसतीच हलवली. यंदाच्या सगळ्या तशाच. मागच्या सालाचं कॅलेंडर त्याच खिळ्याला खाली होतं, तेही काढलं. तेच. मग मी थांबवलं त्यांना. माझ्यानं पुढं वाचवेना.

तीन वर्षं! तीन वर्षं आबांनी खरं तेच लिहिलं होतं. बघितलं नाही, तर लिहिलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत जे दोन दिवसांचं साठलं असेल ते प्रामाणिकपणे मोजलं होतं. खोटं मी लिहिलं होतं. कोरड्या दिवसाचं शून्य त्याच वहीत, त्याच हातानं काढलेलं दिसत असताना मी मोकळ्या ओळीत शून्य कोंबलं होतं. डोंगरातला पाऊस अचानक फुटतो म्हणे! अरे कसला फुटतो? दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या नावावर टाकून आम्ही टाळ्या पिटल्या होत्या. आणि आत्ता, या क्षणी, चार दिवस भिजलेल्या डोंगराखाली आमची वाडी बसलेली होती आणि मी तिला हिरवा रंग दिला होता.

आबांना फोन लावला, रेंजच्या बाहेर. आईला, तेच. मग खालच्या गावच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना लावला. त्यांनी उचलला.

"भाऊसाहेब, आमच्या वाडीला गाडी पाठवा. आत्ता."

"थांबा हां, बघतो." पलीकडं पावसाचा आवाज. "सर, तुमची वाडी तर हिरवी हाय की."

"ते चुकलंय. माझं चुकलंय. तुम्ही गाडी काढा."

"अहो, कशी काढू? मला वर काय दाखवायचं? बैठकीत तुमीच म्हणला व्हता, कुणाच्या पोटात गोळा आला म्हणून लोकं हलवायची न्हाईत. मशीन लाल म्हणंल तवाच हलवायची. माझ्याकडं लिहून हाय तुमचं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. माझंच वाक्य ते मला परत देत होते. "गाड्या दोनच हाईत सर, आन पिवळ्या वाड्या पाच."

मी फोन ठेवला. मशीनला लाल म्हणायला लावायचं तर आकडा हवा, आणि आकडा तर बाटलीत होता. आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की आकडा मनाचा लिहायचा नाही. त्या दिवशी मी वीस माणसांसमोर मनाचा आकडा लिहिला. आबांच्या तीन वर्षांच्या वह्यांतला सगळ्यात मोठा पाऊस शोधला आणि आजच्या तारखेपुढं तोच ठोकून दिला. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. पडद्यावर ठिपका लाल झाला. दोन मिनिटांत भाऊसाहेबांचा फोन आला, "निघाली गाडी."

मी प्रोजेक्टर तसाच चालू सोडून खाली पळालो. जुन्नरपर्यंतचा रस्ता कसा गेला ते सांगता येणार नाही. आपटाळ्याच्या पुढं समोरचं दिसत नव्हतं, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत चालली होती, आणि मी मोठ्यानं स्वतःला शिव्या घालत होतो. त्या इथं लिहीत नाही.

शाळेत पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. वाडीची सगळी माणसं आली होती. व्हरांड्यात शेळ्या, आत बायका, पोरं. मी एकेक तोंड मोजलं. आई भिंतीला टेकून बसली होती, पदराखाली चार पितळी दिवे. घासलेले. तिला बघून मी तिथंच ओल्या फरशीवर बसलो.

"तुमी आधीच का निघाला नाही?" मी ओरडलोच तिच्यावर. "चार दिवस पाऊस बघताय ना?"

"परवाच निघायचं म्हणत व्हते तुझे आबा," आई म्हणाली. "ओढ्याचं पाणी तांबडं झालं व्हतं. बोचकी बी बांधली. मग तुझा निरोप आला फोनवर, पिवळा. म्हणले थांबू. आज सकाळी शेजारचा रेंजला जाऊन आला, म्हणला हिरवं झालं. मग बोचकी सोडली." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तूच म्हणला व्हतास ना, कुठं बी डोकं करून झोप?"

पूर्वी ही माणसं डोंगराकडं बघून निघायची. आता माझ्या रंगाकडं बघून बसली होती.

आबांना मी सगळं सांगितलं, तासाभरानं, धीर आल्यावर. ते ऐकत होते. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, आला असता तर बरं झालं असतं.

"म्या मोकळं ठेवलं," ते म्हणाले, "आन तू त्यात शून्य घातलंस?"

"हो."

"शून्य म्हंजे तर पाऊस न्हाई. आन पाऊस तर व्हता."

"मला कळलं नाही आबा, का मोकळं ठेवलं ते."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मी कुणी परकाच पावणा आहे. "आपल्या घरात सांगावं लागतं व्हय, अवसेला काय करत न्हाईत ते?"

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला. आम्ही सात-आठ बाप्ये वर निघालो. सगळ्यांना आधी घरं बघायची होती, पण ओढ्याशी आल्यावर आबा सपाटीकडं वळले. साडेआठ वाजत आले होते. मीही गेलो मागं. नळकांडं जागच्या जागी होतं. आतली बाटली भरून बाहेरच्या डब्यातही पाणी उतरलं होतं. आबा उकिडवे बसून ग्लासामागून ग्लास मोजत राहिले, ओठ हलवत. शेवटी त्यांनी आकडा सांगितला. दोन दिवसांत निम्मा निम्मा वाटला तरी माझा खोटा आकडा थिटा पडत होता. भीतीनं मी जितकं मोठं खोटं बोलू शकलो, त्याहून पाऊस जास्त होता.

वही उघडून त्यांनी आजचा आकडा लिहिला. कालची ओळ मोकळी ठेवली. जरा थांबले, आणि त्या ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं, अवस.

मग वाडीत गेलो. वरच्या अंगाला तीन घरं आहेत, मधलं आमचं. आम्ही शाळेत असताना कधीतरी डोंगराची माती उतरली होती. तिन्ही घरांच्या मागच्या भिंती गेल्या होत्या. पुढून आमचं घर जसंच्या तसं दिसत होतं, दार ओढून घेतलेलं, कडी लावलेली. आबांनी कडी काढली. दार आत जाईना. आम्ही दोघांनी खांदा लावला तेव्हा वीतभर उघडलं.

मी फटीतून आत बघितलं. आई झोपते ती जागा मी डोळ्यांनी शोधत होतो. पाय भिंतीकडे, डोकं दाराकडे. माती भिंतीशी थांबली नव्हती. पायांशीही थांबली नव्हती. दाराला आतून माती टेकली होती, माझ्या छातीइतकी.

काखेतली वही आबांनी सदऱ्याला पुसली आणि माझ्या हातात दिली.

"मोकळं हाय ते मोकळंच ऱ्हाऊ दे, बाबा," ते म्हणाले.